गोल्फ कार्टचा कंट्रोलर उडाला, नवीन मागवायच्या आधी एवढं बघा

राम राम भाऊ. तुमचा प्रॉब्लेम मला समजला तो असा: चोपड्याकडे तुमचा लग्नाचा लॉन आहे, ६ सीटर ४८ व्होल्टची सेकंडहँड गोल्फ कार्ट घेतलीय, गेटपासून मंडपापर्यंत पाहुणे ने-आण करते. मे महिन्यात भर दुपारी पूर्ण लोड घेऊन चढावर बंद पडली, सीटखालून जळल्याचा वास आला, आणि आता पेडल दाबलं की टक असा आवाज येतो पण गाडी जागची हलत नाही. गावातल्या इलेक्ट्रिशियनने कंट्रोलर (बॅटरीचा करंट मोटरला सोडणारा डबा) गेला म्हणून सांगितलं. तुम्ही विचारताय की ई-रिक्षाचा ४८ चा कंट्रोलर त्याला चालेल का, आणि नाही चालला तर ऑनलाइन मागवून स्वतः बसवता येईल का.

आधी सरळ उत्तर देतो. ई-रिक्षाचा कंट्रोलर चालणार नाही. स्वतः बसवता येईल, मीटर नीट वापरता येत असेल आणि घाई केली नाही तर. पण आजच ऑर्डर टाकू नका. माझं जळगावला बॅटरी गाड्यांचंच काम आहे, गोल्फ कार्ट, ई-रिक्षा, गोडाऊनमधल्या स्टॅकर, सगळं येतं, आणि "कंट्रोलर गेला" म्हणून ज्या गाड्या येतात त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा कंट्रोलर चांगला निघतो. आणि जिथे खरंच गेलेला असतो तिथे तो आपणहून गेलेला क्वचितच असतो, त्याला कोणीतरी मारलेलं असतं. तो मारणारा सापडला नाही तर नवीन कंट्रोलर पण त्याच वाटेने जातो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला एक कृषी पर्यटनवाले आहेत, त्यांची अशीच ६ सीटर. मी स्वतः जाऊन कंट्रोलर बदलला, दोन फेऱ्या मारून दाखवल्या, सगळे खुश, मी घरी. २० दिवसात परत फोन, परत तोच वास. तेव्हा मात्र मी गाडी जॅकवर घेतली आणि मागची चाकं हाताने फिरवून बघितली. उजवं सहज फिरलं, डावं फिरेचना. पावसाळ्यात चिखलात गाडी फिरायची, रोज संध्याकाळी पाइपने धुवायचे, आणि त्या बाजूची हँडब्रेकची केबल आत गंजून अडकलेली, ब्रेक शू ड्रमला कायम घासत होते. ड्रम उघडला तर आतून निळा पडलेला. म्हणजे गाडी रोज अर्धा ब्रेक दाबून चढ चढत होती आणि बिचारा कंट्रोलर दुप्पट करंट देत होता. पहिल्याच दिवशी चाक फिरवून बघायला मला दोन मिनिटं लागली असती. त्यांचा दुसऱ्या कंट्रोलरचा खर्च मी अर्धा सोसला कारण चूक माझी होती, आणि तेव्हापासून चाक फिरवून बघितल्याशिवाय मी सीट उघडतच नाही.

आता कंट्रोलर का मरतो ते समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं. कंट्रोलर म्हणजे एक फार वेगवान स्विच आहे, आत मॉस्फेटची (इलेक्ट्रॉनिक स्विचची) रांग असते, ते बॅटरीचा करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात (बऱ्याच गाड्यांत १५ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १५ हजार वेळा), आणि पेडल जितकं दाबाल तितका चालू राहायचा वेळ वाढतो. गंमत अशी की कमी स्पीडला चढावर मोटरमधून जाणारा करंट बॅटरीतून निघणाऱ्या करंटपेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणजे गाडी चढावर रांगते तेव्हा तुम्हाला वाटतं हळू चाललीय, आरामात आहे, पण मॉस्फेटसाठी तोच सगळ्यात वाईट क्षण. ब्रेक न दाबता नुसत्या पेडलवर गाडी चढावर धरून ठेवायची सवय ड्रायव्हरला असेल तर ती आजच बंद करा.

दुसरा मारेकरी म्हणजे बॅटरी. लोकांना वाटतं बॅटरी वीक असेल तर कंट्रोलरवर लोड कमी येईल. उलटं आहे. तेवढीच ताकद कमी व्होल्टेजला द्यायची तर बॅटरीकडून करंट जास्त ओढावा लागतो. आपल्याकडे रात्री लाइट जाते, शेताकडच्या फीडरला व्होल्टेज पडलेलं असतं, चार्जर अर्धवट चार्ज करून सोडतो, आणि लग्नसराईत गाडीला आराम नाही. ४८ चा लेड अॅसिड पॅक पूर्ण चार्ज करून काही तास तसाच ठेवला तर साधारण ५०.९ व्होल्ट दाखवला पाहिजे. पण नुसतं उभ्या गाडीवर मोजून काही कळत नाही, लोडवर मोजा, आणि प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या असतील आणि चालताना पाच बॅटऱ्या साडेसातच्या वर टिकतात पण एक ६ च्या खाली बसते, तर सापडला तुमचा चोर. हायड्रोमीटर असेल तर प्रत्येक सेलचं ॲसिड बघा, भरलेल्या सेलला १.२६५ ते १.२८० च्या दरम्यान आलं पाहिजे, एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर ती बॅटरी गेली.

तिसरा मारेकरी थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेलं बोल्टचं भोक असलेलं धातूचं टोक. हा मला सगळ्यात जास्त सापडतो आणि याच्यावर कोणी बोलत नाही. जाड केबलचं थिंबल आपल्याकडे सर्रास हातोडीने ठोकून बसवतात. हिशोब करून बघा, एखाद्या जॉइंटला ५ मिलिओहम रेझिस्टन्स आहे, म्हणजे साध्या मीटरवर शून्यच दिसेल, आणि त्यातून २०० अँपिअर जातोय, तर तिथे २०० वॅट उष्णता तयार होते. घरातले जुने १०० चे दोन बल्ब एका नटबोल्टच्या जागेत कोंबून पेटवले असं समजा. ती उष्णता तांब्यातून सरळ कंट्रोलरच्या टर्मिनलमध्ये शिरते, आतला सोल्डर मऊ होतो, मग वास येतो. म्हणून तुमच्या वासाने लगेच कंट्रोलरवर आळ घेऊ नका, आधी प्रत्येक टर्मिनलचं प्लास्टिक बघा, कुठे पिवळं-तपकिरी पडलंय, कुठे केबलचं रबर कडक होऊन आखडलंय. फिरती गाडी असेल तर मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक केबलवर आणि एक टोक बोल्टवर लावा, लोडवर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर ते थिंबल कापून हायड्रॉलिक क्रिम्परने नवीन मारून घ्या. पंपाच्या केबलचं काम करणाऱ्यांकडे हे मशीन असतंच, गावात विचारा.

आता तुमच्या गाडीची तपासणी. सगळ्यात आधी अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, हे खरंच करा. ४८ व्होल्टचा शॉक फारसा लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात पण पाना दोन टर्मिनलच्या मध्ये पडला तर शेकडो अँपिअर जातात आणि सोन्याची अंगठी मध्ये आली तर बोट जातं. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. चार्जिंग नुकतंच झालं असेल तर सीट उघडून थोडा वेळ वारा लागू द्या, हायड्रोजन साठलेला असतो. टो-रन स्विच (गाडी ढकलायची की चालवायची ते ठरवणारा) असेल तर टो वर करा, चाकं जॅकवर आली की पेडल दाबून मोजायला परत रन वर. पुढच्या चाकांना दगड लावा आणि मागची चाकं जॅकवर, खाली लाकडी ओंडके. हे का, तर मॉस्फेट शॉर्ट होऊन जातात तेव्हा सोलेनॉइड (टक करून बॅटरी कंट्रोलरला जोडणारा मोठा स्विच) बसल्याबरोबर मोटरला सरळ ४८ मिळतात. एका लॉनवरचा ड्रायव्हर मला सांगत होता, "भाऊ, मी पाय बी नही ठेवा, गाडी आपोआप पयाले लागनी", समोर कुंड्या होत्या म्हणून निभावलं, माणसं असती तर?

टक आवाज येतो म्हणजे सोलेनॉइडची कॉइल चांगली आहे, एवढंच. आतले कॉन्टॅक्ट जळलेले असू शकतात. मीटर सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टवर लावा, पेडल दाबून टक झाल्यावर तिथे जवळजवळ शून्य आलं पाहिजे. टक होऊनही ४०-४८ व्होल्ट दिसत असतील तर कंट्रोलरला पुरवठाच पोचत नाही, सोलेनॉइड बदला आणि कंट्रोलरचे पैसे वाचवा. उलट पेडल सोडल्यावरही शून्यच राहत असेल तर कॉन्टॅक्ट वेल्ड झालेले असू शकतात, पण खाली सांगतो त्या रेझिस्टरमुळेही तिथे शून्याजवळ दिसू शकतं, म्हणून एवढ्यावरून नक्की ठरवू नका.

सोलेनॉइडच्या त्याच दोन बोल्टांवर एक छोटा रेझिस्टर लावलेला असतो, बहुतेक २५० किंवा ४७० ओहम, त्याला प्रीचार्ज म्हणतात. कंट्रोलरच्या आत मोठे कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) आहेत, ते रिकामे असताना सोलेनॉइड बसला तर एकदम ठिणगी पडते आणि कॉन्टॅक्ट चिकटतात, म्हणून हा रेझिस्टर आधीच हळूहळू कपॅसिटर भरून ठेवतो. बघायला एवढासा पण फार कामाचा. बऱ्याच गाड्यांत की बंद असतानाही याच्यातून कंट्रोलरच्या बी प्लस आणि बी मायनसवर (बॅटरीकडच्या दोन टर्मिनलवर) जवळजवळ पूर्ण पॅकचं व्होल्टेज दिसतं. ते दिसलं तर आतला पुरवठा निदान शॉर्ट नाही. तिथे एक-दोन व्होल्टच दिसत असतील आणि रेझिस्टर हाताला चटका देत असेल तर आत शॉर्ट आहे, कारण ४८ व्होल्ट २५० ओहमवर पूर्ण पडले की ९ वॅटच्या वर उष्णता होते आणि तो बिचारा ५ वॅटचा असतो. जळून काळा पडलेला प्रीचार्ज रेझिस्टर दिसला तर मला कंट्रोलर उघडायचीही गरज वाटत नाही.

पुढे पेडल. दोन वायरचा पॉट (पेडलसोबत बदलणारा रेझिस्टर) असेल तर वायर सोडवून ओहम मोजा, साध्या ० ते ५ के वाल्यात सोडलेल्या पेडलला शून्याच्या आसपास आणि पूर्ण दाबल्यावर साडेचार ते साडेपाच हजार, आणि मधे कुठेही आकडा उडी मारता कामा नये. पेडल अगदी हळू दाबा, घाईत दाबलं तर मधला मेलेला तुकडा कळत नाही. काही गाड्यांत उलटा म्हणजे ५ के ते ० असतो, आणि तीन वायरचा हॉल सेन्सर असेल तर ५ व्होल्ट पुरवठा जाऊन साधारण १ पासून ४ व्होल्टपर्यंत सिग्नल वाढतो. तसंच पायाखालची मॅट पेडलवर सरकलेली असली तरी कंट्रोलर सेफ्टीसाठी गाडी उचलत नाही, तेही बघून घ्या. कंट्रोलरवर छोटा एलईडी असेल तर तो किती वेळा लुकलुकतो ते मोजून लिहून ठेवा, मोबाईलवर व्हिडिओ काढला तर उत्तम.

पुरवठा येतोय, सोलेनॉइड बसतोय, पेडल बरोबर आहे, मग जॅकवर पेडल हळू दाबत बी प्लस आणि एम मायनसच्या (मोटरकडच्या टर्मिनलच्या) मध्ये व्होल्टेज बघा. शून्यापासून वाढत गेलं तर कंट्रोलर त्याचं काम करतोय, दोष मोटरमध्ये, कार्बन ब्रश संपले असतील. सीरिज मोटर असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, चाकं हवेत असताना पेडल पूर्ण दाबायचं नाही, लोड नसला की ही मोटर बेफाम पळते आणि कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो भाग) फुटू शकतो. वाढत गेलंच नाही, तर आता कंट्रोलर सुटा करून मोजायचा.

बॅटरीचं मेन मायनस आधी काढा, मग कंट्रोलरच्या बी प्लस-बी मायनसला गाडीचा हॉर्न किंवा बल्ब काही सेकंद लावून आतला चार्ज काढून टाका. पक्कड लावून ठिणगी पाडून डिस्चार्ज करणारे खूप बघितले, तसं करू नका. मोटरच्या केबल सोडवल्याशिवाय मोजू नका, मोटरचाच रेझिस्टन्स इतका कमी असतो की चांगला कंट्रोलरही शॉर्ट दिसतो. मीटरच्या डायोड मोडवर लाल प्रोब बी मायनसला आणि काळा एम मायनसला, ०.४-०.५ च्या आसपास आलं पाहिजे. प्रोब उलटे केले की ओपन. दोन्ही बाजूंनी शून्य आलं आणि मीटर पी वाजला तर मॉस्फेट गेले, आता तुमचा इलेक्ट्रिशियन बरोबर होता असं समजा. ही खूण ब्रश मोटरच्या गाडीची, तीन जाड केबल असलेल्या एसी मोटरला टर्मिनल वेगळे असतात.

आता खरेदी. मोटरचं टर्मिनल बघा. चारही जाड बोल्ट, ए१ ए२ एस१ एस२, म्हणजे सीरिज मोटर. दोन जाड आणि दोन बारीक, एफ१ एफ२ लिहिलेलं, म्हणजे सेपेक्स, त्यात फील्डला (मोटरमधल्या न फिरणाऱ्या कॉइलला) वेगळा करंट कंट्रोलरच देतो. तीन जाड केबल यू व्ही डब्ल्यू आणि एक एन्कोडरची (स्पीड मोजणाऱ्या सेन्सरची) बारीक वायर, म्हणजे एसी. या तिन्हीचे कंट्रोलर एकमेकांना चालत नाहीत, व्होल्टेज सारखं असलं तरी. ई-रिक्षाचा म्हणूनच चालत नाही, तो बहुतेक बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी) मोटरचा असतो आणि ताकद साधारण १ किलोवॅटची, तुमच्या ६ सीटरला त्याच्या तीन-चार पट लागते. सीरिज मोटर असेल तर तुम्ही नशीबवान, व्होल्टेज, अँपिअर आणि पेडलचा प्रकार जुळला की दुसऱ्या कंपनीचाही बसतो. सेपेक्समध्ये फील्डचा प्रोग्राम त्याच मोटरसाठी लिहिलेला असतो, चुकीचा आला तर गाडी चालेल पण चढावर मरेल किंवा मोटर तापेल. त्यामुळे कर्टिस कंपनीचा १५१०, १२६६, १२६८ असा काही नंबर असेल तर पूर्ण नंबर डॅशनंतरच्या आकड्यांसकट जुळवा आणि विकणाऱ्याला गाडीचं मॉडेल सांगून प्रोग्राम करून मागा. एसीचं तर स्वतः करूच नका, प्रोग्रामर लागतोच. अँपिअर जुन्याइतके किंवा थोडे जास्त घ्या. पण २५० च्या जागी एकदम ५०० टाकला तर पुढचा बळी केबल, सोलेनॉइड आणि मोटर. लिथियम पॅक टाकलेला असेल तर १६ सेलवाला पूर्ण चार्जला ५८.४ व्होल्टपर्यंत जातो, कंट्रोलर तेवढं घेतो का ते आधी विचारा.

बसवताना, सोडवायच्या आधी प्रत्येक वायरचा फोटो आणि प्रत्येकीवर टेप लावून नाव. सोलेनॉइड आणि त्याचा प्रीचार्ज रेझिस्टर कंट्रोलरसोबतच नवीन टाका. कॉइलवरचा डायोड पण, त्याचा पट्टा प्लसकडे, उलटा लावला तर पहिल्याच टक ला काहीतरी जळेल. टर्मिनल आवळताना दोन पाने वापरा, एकाने खालचा धरून दुसऱ्याने फिरवायचं, नाहीतर पट्टी पिळली जाते आणि आतला जोड तुटतो. बुडाची पत्र्याची जागा पॉलिश पेपरने साफ करून हिटसिंक पेस्टचा पातळ थर द्या, लोणी लावल्यासारखा जाड नको.

पहिल्यांदा पुरवठा देताना मी ट्रकचे २४ व्होल्टचे दोन बल्ब एकमेकांना सीरिजमध्ये जोडून प्लसच्या लाइनमध्ये टाकतो. बल्ब क्षणभर उजळून विझले तर कपॅसिटर भरले, सगळं ठीक. पेटलेच राहिले तर कुठेतरी वायर चुकली, आणि तुमचा नवा कंट्रोलर अजून वाचलेला आहे. मग बल्ब काढून सरळ जोडा, जॅकवर हळू पेडल, पुढे-मागे दोन्ही, मग खाली उतरवून एकट्याने सपाटीवर, आणि शेवटी लोड घेऊन चढ. चढ झाल्यावर थांबून प्रत्येक टर्मिनलला (की बंद करून) हाताच्या मागच्या बाजूने जवळून ऊब बघा, एखादंच जास्त गरम असेल तर तेच सैल आहे.

गरमीचं एक राहिलं. आपल्याकडे मे मध्ये ४५ अंश नेहमीचंच, सीटखाली त्याहून जास्त. चांगला कंट्रोलर आतून साधारण ८५ अंशाला पोचला की स्वतःहून ताकद कमी करतो, गाडी ढिली पडते, आणि ड्रायव्हर आणखी जोरात पेडल दाबतो. ढिली पडली की सावलीत १५-२० मिनिटं उभी करा, ती तुम्हाला सांगतेय. धरणगावकडच्या एका जिनिंगमधली कार्ट माझ्याकडे आली होती, दर दुपारी बंद पडायची, सीट उचलली तर कंट्रोलरच्या पंखांवर कापसाची रुई अशी बसलेली की गोधडी पांघरलीय. ब्रशने साफ केलं, पत्र्याला खालून वारा जायला जागा केली, कंट्रोलर तोच, गाडी आजही चालतेय. तुमच्या लॉनवर फुलांच्या पाकळ्या, सजावटीचा कागद, धूळ हेच काम करतात, सीटखाली एकदा हात घालून बघा. आणि धुताना सीटखाली प्रेशरचं पाणी मारू नका.

तर आता तुम्ही एवढं करा: मागची दोन्ही चाकं जॅकवर हाताने फिरतात का ते, मोटरच्या प्लेटचा आणि टर्मिनलचा फोटो, कंट्रोलरच्या स्टिकरचा पूर्ण नंबर, प्रीचार्ज रेझिस्टर काळा आहे का, आणि प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज एक गाडी उभी असताना आणि एक पेडल दाबलेलं असताना. हे पाठवा, मग कुठला मागवायचा ते मी नक्की सांगतो. तोपर्यंत लग्नं असतील तर पाहुण्यांसाठी दुसरी सोय करा, या गाडीवर कोणाला बसवू नका.